‘तिकडे लागला की इकडून नेला?’ : आनंदीबाईंचा क्षय आणि स्थलांतराचा इतिहास

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या गावी मराठी वाङ्मय शिकवणाऱ्यावर डॉ. आनंदीबाई जोशी यांची गोष्ट सांगण्याचा प्रसंग या ना त्या निमित्ताने दर वर्षी येतो. स्त्रियांच्या चरित्रलेखनाचा विषय निघाला की काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्राचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. चरित्रात्मक कादंबरीची चर्चा सुरू झाली की श्री. ज. जोशी यांची १९६८ साली प्रसिद्ध झालेली ‘आनंदी गोपाळ’ समोर येते. २०१९ साली याच नावाचा चित्रपट आल्यापासून विद्यार्थ्यांना कथेचा शेवट आधीच ठाऊक असतो : अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली ही मुलगी परत आल्यावर काही महिन्यांतच क्षयाने गेली. वर्ग क्षणभर गप्प होतो आणि आम्ही पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी मात्र मागच्या बाकावरून एक प्रश्न आला : “सर, त्यांना हा रोग तिकडे लागला, की इकडूनच नेला होता?” आम्ही रूढ उत्तर दिले. तिकडची थंडी, न मानवणारा आहार, अभ्यासाचे ओझे, म्हणून तिकडे लागला. विद्यार्थी समाधानाने खाली बसला. आमचे समाधान फार काळ टिकले नाही. त्या प्रश्नाने आम्हांला क्षयाच्या इतिहासाकडे नेले आणि अखेर प्रश्नाची मांडणीच तपासून पाहावी लागते, या निष्कर्षाशी आणून सोडले. प्रस्तुत लेख हा त्या प्रवासाचा वृत्तान्त आहे.

प्रथम चरित्रातील तपशील पाहू. आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. गोपाळराव टपाल खात्यात असल्याने बदल्यांमागून बदल्या होत राहिल्या : अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. म्हणजे समुद्र ओलांडण्यापूर्वीच आनंदीबाई कितीतरी गावांचे पाणी प्यालेल्या होत्या. बंगालमधील मुक्कामात त्यांची प्रकृती ढासळू लागल्याची नोंद चरित्रांत आढळते. अशक्तपणा, सतत डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी धाप लागणे. न्यू जर्सीतील रोझेल येथे राहणाऱ्या कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली, त्यांचा उपयोग झाला नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी आपण परदेशी का जात आहोत हे जाहीर भाषणातून सांगितले. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या कक्षाची जबाबदारी त्यांची वाट पाहत होती. ती हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे २१.

या तपशिलांवरून दोन परस्परविरोधी गोष्टी रचता येतात आणि त्या रचल्याही गेल्या आहेत. पहिली परदेशाला दोष देते : हिंदू राहूनच परत येईन असे वचन देऊन गेलेली, शाकाहार आणि साडी न सोडणारी मुलगी त्या थंड मुलखात झिजली. याच गोष्टीची सनातनी आवृत्तीही आहे. तिच्यात समुद्रोल्लंघनाचे फळ म्हणून मृत्यूकडे पाहिले जाते. दुसरी गोष्ट मायदेशाकडे बोट दाखवते : बालविवाह, अकाली मातृत्व, बंगालमधील ताप, म्हणजे रोग इकडचाच, तिकडे तो केवळ उघडा पडला. दोन्ही कथनांत एक समान गृहीतक आहे. रोगाला एक गाव असते, एक तारीख असते, आणि ते गाव सापडले की दोषीही सापडतो.

क्षयाकडे असे न्यायनिवाड्याच्या नजरेने पाहण्याची सवय आपल्याकडे फार जुनी आहे. राजयक्ष्म्याच्या पुराणकथेत चंद्र रोहिणीवरच अनुरक्त राहिला, म्हणून दक्षाने त्याला शाप दिला आणि तो क्षीण होऊ लागला. येथे रोग म्हणजे शिक्षा. मात्र चरकसंहितेने ही कथा सांगूनही रोगाची कारणे मोजताना वेगळा सूर लावला आहे. तेथे चार कारणे येतात : शक्तीबाहेरचे श्रम, शरीराच्या नैसर्गिक वेगांचा अवरोध, धातूंची झीज आणि विषम आहार. आज ज्यांना आपण जोखमीचे घटक म्हणतो, त्यांच्याशी यांपैकी निदान दोन कारणांचे, अतिश्रमांचे आणि आहाराचे, जवळचे नाते आहे. चरकाला जंतू ठाऊक नव्हता. पण एकाच घरातील दोघांपैकी एक आजारी पडतो आणि दुसरा पडत नाही, याचे उत्तर शापात नसून जगण्याच्या रीतीत शोधावे लागते, एवढे त्याने ओळखले होते.

जंतूचा शोध आनंदीबाईंच्या प्रवासाच्या केवळ वर्षभर आधीचा. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कोख यांनी क्षयाचे कारण असलेला जंतू आपण पाहिल्याचे जाहीर केले. त्याच व्याख्यानात त्यांनी एक भयंकर हिशेब मांडला होता : माणसांच्या दर सात मृत्यूंपैकी एक क्षयाने होतो. हा हिशेब प्रामुख्याने युरोपचा होता, आणि येथेच आमच्या रूढ उत्तराला पहिला तडा जातो. आज क्षय म्हटले की गरीब देशांतून श्रीमंत देशांत जाणारा स्थलांतरित डोळ्यांसमोर येतो. १८८३ साली नकाशा असा नव्हता. तेव्हाची लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया ही शहरे क्षयाने भरलेली होती. आनंदीबाई निरोगी देशात रोग घेऊन गेल्या, असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. त्या रोगाच्या एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात गेल्या.

दुसरा तडा अधिक खोल आहे आणि तो सुप्त क्षयसंसर्गाच्या कल्पनेमुळे जातो. क्षयाचा जंतू रुग्णाच्या खोकल्यातून हवेत येतो आणि दुसऱ्याच्या श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतो. बहुतेक शरीरे त्याला लगेच बळी पडत नाहीत. संरक्षक पेशी त्याच्याभोवती गाठ बांधतात आणि जंतू त्या वेढ्यात जिवंत पण निष्क्रिय राहतो. अशा माणसाला खोकला नसतो, ताप नसतो, त्याच्या थुंकीत जंतू सापडत नाही, तो कोणाला रोग देत नाही. संसर्ग झालेल्या शंभरांपैकी साधारण पाच ते दहा जणांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. त्यांतील बऱ्याच जणांना तो पहिल्या दोन वर्षांत होतो, काहींना मात्र दशकांनंतर. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांत हा संसर्ग असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील लोकांमध्ये हे प्रमाण ३१.४ टक्के आढळले. म्हणजे आमच्या वर्गातील तीस विद्यार्थ्यांमागे सुमारे नऊ जण, आणि कदाचित शिकवणारेही.

हा सुप्त संसर्ग ओळखण्याची साधने आनंदीबाईंच्या हयातीत नव्हती. ट्यूबरक्युलिन १८९० साली आले. त्वचेवरील चाचणी पिर्के यांनी १९०७ साली आणि मान्तू यांनी १९०८ साली मांडली. रक्तावरील चाचण्या तर एकविसाव्या शतकात रुळल्या. या साऱ्या चाचण्यांची एक मर्यादा इतिहासाच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या जंतूला पाहत नाहीत. शरीराने जंतूची आठवण ठेवली आहे किंवा नाही, एवढेच पाहतात. संसर्ग काल झाला की बालपणी, कोणत्या गावी, कोणाच्या श्वासातून, हे त्या सांगू शकत नाहीत. आज एखाद्या आनंदीबाईंची चाचणी केली, तरी मागच्या बाकावरील त्या प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

मग अभ्यासक काय मोजतात? स्थलांतरितांमध्ये सुप्त क्षयसंसर्ग कोणाला असण्याचा संभव अधिक, याची पाहणी निरनिराळ्या देशांत झाली आहे आणि तिच्यातून काही घटक पुनःपुन्हा पुढे येतात. जन्मदेशात क्षय किती पसरलेला आहे. माणसाने तेथे किती वर्षे काढली, म्हणजे स्थलांतराच्या वेळचे वय. घरात किंवा निकट सहवासात क्षयरोगी होता का. राहण्याची जागा किती दाटीची आणि कोंदट होती. सुप्त संसर्गाचे रोगात रूपांतर होण्यामागे आणखी काही घटक असतात : कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, धूम्रपान, दगडाची धूळ. स्थलांतराचा स्वतःचा वाटाही असतोच. वाटेतील हाल, नव्या ठिकाणी एका खोलीत अनेकांनी राहणे, अपुरे अन्न, दवाखान्यापर्यंत पोहोचण्यातील भाषेची आणि भीतीची अडचण. नव्या देशात पोहोचल्यानंतरची पहिली काही वर्षे सर्वांत जोखमीची, असे अनेक देशांच्या नोंदींत आढळले आहे.

ही यादी हातात घेऊन आनंदीबाईंचे चरित्र पुन्हा वाचले की ते वेगळेच दिसू लागते. गावोगावच्या बदल्या, प्रत्येक ठिकाणी नवे घर आणि नवा शेजार. बंगालमधील ताप आणि धाप, जी क्षयाची सुरुवात असेल किंवा नसेलही. जवळजवळ दोन महिन्यांचा बोटीचा प्रवास. अपरिचित आहाराशी जुळवून घेताना झालेले कुपोषण. थंडी, आणि तीन वर्षांचा अखंड अभ्यास. अमेरिकेत पोहोचल्यापासून चार वर्षांच्या आत मृत्यू. जंतू श्रीरामपुरात शिरला असेल, बोटीवर शिरला असेल किंवा फिलाडेल्फियातील एखाद्या रुग्णाच्या खाटेशी शिरला असेल. तो कुठेही शिरला असला, तरी त्याला वेढ्याबाहेर येऊ देणारी परिस्थिती दोन्ही देशांनी मिळून घडवली होती. ‘इकडे’ आणि ‘तिकडे’ या शब्दांत तिचा निवाडा होत नाही.

इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना येथे कीट्सची आठवण होईल. तोही वैद्यकाचा विद्यार्थी. १८१० साली त्याची आई आणि १८१८ साली भाऊ टॉम क्षयाने गेला होता. भावाची शुश्रूषा त्याने स्वतः केली होती. १८२० साली हवापालटासाठी तो इटलीला गेला आणि २३ फेब्रुवारी १८२१ रोजी रोममध्ये वारला. त्या काळी इंग्लंडात हा रोग बव्हंशी आनुवंशिक मानला जाई, तर इटलीत संसर्गजन्य. त्यामुळे कीट्सच्या मृत्यूनंतर त्याच्या खोलीतील सामान जाळण्यात आले. आजाऱ्याला हवा बदलण्यासाठी पाठवणारा देश आणि त्याचे अंथरूण जाळणारा देश यांच्यामध्ये रोगी उभा असतो. आनंदीबाईंच्या बाबतीत दिशा उलटी होती, स्थिती मात्र तीच.

हे सारे भंडाऱ्यात बसून लिहिण्याला काही कारण आहे. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली आणि सभोवतालच्या जिल्ह्यांतील विणकर व शेतमजूर गिरणीच्या दिशेने चालू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी मँगनीजचे युग आले. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील खाणी आजही चालू आहेत. घरोघरी तंबाखू आणि तेंदूपानांच्या सान्निध्यात विडी वळली गेली. धानाचा हंगाम संपला की कामासाठी बाहेर पडणारी कुटुंबे आजही आहेत. गिरणीची दाटी, खडक फोडताना उडणारी धूळ, अर्धपोटी हंगाम. जोखमीच्या घटकांची यादी आमच्या जिल्ह्याला परकी नाही. आर्थर लँकेस्टर यांनी भारतातील क्षयावर १९२० साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही शहरांतील दाटीवर आणि पडद्याआड कोंडलेल्या स्त्रियांवर भर आहे. तेव्हापासून आजवर गावाची भाषा फारशी बदललेली नाही. शहरातून खोकत परतलेल्या माणसाविषयी ‘रोग लावून आला’ असे गाव म्हणते. शहर म्हणते, ‘हे लोक रोग घेऊन येतात’.

काही काळापूर्वी आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा परदेशातून फोन आला. ती परिचारिका आहे. जाण्यापूर्वी तिने छातीचे क्ष-किरण चित्र काढले होते. ब्रिटनला सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या भारतीयाला तसे करून क्षय नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्यांनाही ही तपासणी चुकत नाही आणि तेथे जुना, बरा झालेला व्रणही अपात्रतेला पुरेसा ठरू शकतो. तिचे चित्र स्वच्छ होते. तेथे रुजू झाल्यावर रक्ताची चाचणी झाली आणि तिच्यात सुप्त संसर्ग आढळला. वरिष्ठांनी शांतपणे समजावून सांगितले, औषधे दिली. पण तिचा आवाज थरथरत होता. “सर, म्हणजे मी हा रोग गावाहून घेऊन आले का? घरी सांगू नका. बहिणीचं लग्न जमायचं आहे.”

तिचे आजोबा खाणीत होते आणि अखेरच्या वर्षांत त्यांच्यावर क्षयाचे उपचार झाले होते. ते ज्या खोलीत खोकत असत, त्याच खोलीत तिने अक्षरे गिरवली. पण परिचारिका म्हणून तिने इकडच्या रुग्णालयांतही वर्षे काढली होती. कोणत्या श्वासाबरोबर जंतू आला, हे कोणीही सांगू शकत नाही, आणि उपचारासाठी ते कळण्याची गरजही नव्हती. आम्ही तिला एवढेच म्हणालो की, तुला रोग नाही, तुझ्यापासून कोणाला धोका नाही, आणि तुझ्या रक्ताने ज्या गोष्टीची आठवण ठेवली आहे तिच्यासाठी तुझ्या आजोबांना दोष देता येत नाही. त्यांनाही तो कोणाच्या तरी श्वासातूनच आला होता. तीन महिन्यांचा औषधक्रम तिने पूर्ण केला. ती आजही त्याच रुग्णालयात काम करते. घरी तिने अजून सांगितलेले नाही.

येथे क्षयाच्या इतिहासातील एका भारतीय प्रयोगाचा उल्लेख करायला हवा. १९५६ साली मद्रासमध्ये एक पाहणी सुरू झाली. निम्म्या रुग्णांना आरोग्यधामात ठेवून आणि निम्म्यांना त्यांच्या दाटीच्या घरी ठेवून तीच औषधे देण्यात आली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : घरी राहिलेले रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्यामुळे कुटुंबीयांचा धोका विशेष वाढला नाही. रुग्णाला घरापासून तोडण्याचा आधारच त्यामुळे खचला. २०२३ साली झारखंडमधील पाहणीचे निष्कर्ष आले. क्षयरोग्याच्या कुटुंबाला पुरेसे धान्य आणि डाळी दिल्यावर घरातील इतरांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. विषम आहाराला कारणांच्या यादीत बसवणाऱ्या चरकाला याचे आश्चर्य वाटले नसते. दोन्ही पाहण्यांत रुग्ण कुठून आला याची चौकशी नाही. तो कसा राहतो, काय खातो आणि औषध त्याच्यापर्यंत पोहोचते का, याची आहे.

वाङ्मयाच्या शिक्षकाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, रोगाची गोष्ट लोक प्रथम डॉक्टरांकडून ऐकत नाहीत. ती चरित्रांतून, कादंबऱ्यांतून, चित्रपटांतून आणि वर्गातील एखाद्या वाक्यातून ऐकतात. आनंदीबाईंचा मृत्यू आम्ही ‘परदेशगमनाची किंमत’ म्हणून सांगितला, तर समोर बसलेल्या ज्या मुलीला उद्या बाहेर जायचे आहे तिच्या मनात एक भीती पेरतो. ‘मागास मायदेशाचे फळ’ म्हणून सांगितला, तर तिच्या हाती लाज ठेवतो. फोनवरील तो थरथरता आवाज या दोन्ही गोष्टी ऐकत वाढलेला होता, आणि त्यांतील एक आम्हीच सांगितली होती.

आनंदीबाईंची रक्षा पुढे कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली आहे. मृत्यू पुण्यात आणि स्मृतिशिला अमेरिकेत. दोन्ही ठिकाणी त्यांच्यावर माया करणारी माणसे होती आणि दोन्ही ठिकाणच्या माणसांना त्यांना वाचवता आले नाही, कारण क्षयावर खरे औषध सापडायला अजून अर्धे शतक जायचे होते. पुढच्या वर्षी मागच्या बाकावरून तोच प्रश्न आला, तर आम्ही थंडीचे उत्तर देणार नाही. आनंदीबाई कुठे कुठे राहिल्या, काय जेवल्या, किती थकल्या आणि कोणाकोणाच्या शेजारी श्वास घेत होत्या, हे त्यांच्या चरित्रातून शोधून आणायला सांगू. त्याच तासाला हेही सांगू की, वर्गातील सुमारे नऊ जणांच्या शरीरात तोच जंतू निजलेला असू शकतो, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही.